थोरियम नायट्रेट: जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा अधिक किरणोत्सारी कशी?

चौकस (धागाकर्ता)

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या विभागाच्या साठ्यात थोरियम नायट्रेटच्या दोन सीलबंद बाटल्या आहेत. एकीच्या चिठ्ठीवरून ती किमान चाळीस वर्षांपूर्वीची असावी आणि दुसरी साधारण पाच वर्षांपूर्वी तयार झालेली आहे. दोन्हींतील क्षाराचे वजन जवळपास सारखे आहे आणि बाटल्यांची काचही एकाच जाडीची आहे. तरीही गायगर काउंटर सारख्याच अंतरावर ठेवून आणि पार्श्वभूमीचे आकडे वजा करून पाहिले, तर जुन्या बाटलीची नोंद नव्या बाटलीच्या दुपटीहून अधिक भरते.

थोरियम-२३२ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १४ अब्ज वर्षे आहे. त्या मानाने चाळीस वर्षे म्हणजे काहीच नाही. शिवाय किरणोत्सार काळानुसार घटतो असे आपण शिकवतो आणि येथे तर तो वाढलेला दिसतो. दोन उत्पादकांच्या शुद्धतेतील फरकामुळे असे होईल का, की क्षाराने शोषलेल्या पाण्याचा हा परिणाम आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रसायनी

पाण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. बाजारात मिळणारे थोरियम नायट्रेट बहुधा पाच रेणू स्फटिकजल असलेले असते. त्यात थोरियमचे वजनी प्रमाण सुमारे ४०.७ टक्के असते आणि चार रेणू पाणी असलेल्या प्रकारात ते ४२ टक्क्यांच्या आसपास जाते. हा क्षार हवेतील बाष्प शोषून चिघळतो, त्यामुळे सैल बुचाच्या बाटलीत आकडा आणखी थोडा खाली येईल. पण पाण्याने पडणारा फरक थोडक्या टक्क्यांचा असतो आणि तोही जुन्या बाटलीची नोंद कमी करणारा असतो. दुपटीचा खुलासा त्यातून होत नाही.

क्षाराविषयी थोडे लिहितो, कारण पुढील चर्चेला ते लागेल. थोरियम द्रावणात एकाच रूपात राहतो, तो म्हणजे चार धनभारांचा आयन. त्याच्या ५एफ कक्षेत एकही इलेक्ट्रॉन नसल्यामुळे क्षार पांढरा आणि द्रावण रंगहीन असते. युरेनिल नायट्रेटचा पिवळा रंग आणि हिरवट चमक पाहिलेल्या विद्यार्थ्यांची येथे निराशा होते. स्फटिकाची रचना मात्र मोठी देखणी आहे. १९६६ मध्ये क्ष-किरणांनी आणि न्यूट्रॉनांनी ती स्वतंत्रपणे ठरवली गेली. चारही नायट्रेट गट आपल्या दोन-दोन ऑक्सिजन अणूंनी थोरियमला धरतात आणि तीन पाण्याचे रेणू त्यांच्या जोडीला येतात, म्हणजे एका धातूच्या अणूभोवती ११ ऑक्सिजन अणू बसतात. उरलेले दोन पाण्याचे रेणू स्फटिकाच्या जाळीत हायड्रोजन बंधांनी अडकलेले असतात. मॅग्नेशियमसारख्या द्विसंयुजी धातूबरोबर होणाऱ्या दुहेरी क्षारात सहा नायट्रेट गट एकाच थोरियमभोवती येतात आणि ही संख्या १२ होते. नायट्रेट गटाचे दोन ऑक्सिजन एकमेकांच्या इतके जवळ असतात की त्याला जागा कमी लागते, आणि थोरियमचा आयन चतुःसंयुजी आयनांमध्ये सर्वांत मोठ्यांपैकी असल्यामुळे ही गर्दी सहज सामावते.

एवढा धनभार असल्यामुळे हा आयन पाण्याचे विच्छेदन करतो आणि साध्या पाण्यातले द्रावणसुद्धा चांगलेच आम्लधर्मी असते. द्रावणाचा सामू (पीएच) साडेतीनच्या पुढे नेला की हायड्रॉक्साइडचा चिकट, पांढरा साका पडू लागतो. म्हणून साठवणीच्या द्रावणात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालून ठेवण्याची जुनी रीत आहे. ऑक्झलेट, फ्लुओराइड आणि आयोडेट यांचे साके तर बऱ्यापैकी आम्लयुक्त द्रावणातही पडतात आणि पूर्वीचे सगळे पृथक्करण त्यांवरच चालत असे.

अर्धायुषी

चौकस, आपल्या प्रश्नाचे उत्तर शुद्धतेत आहे, पण बाटलीत काय मिसळले होते यापेक्षा शेवटचे शुद्धीकरण कधी झाले ही गोष्ट महत्त्वाची आहे.

प्रथम, गायगर काउंटर बाटलीबाहेरून नेमके काय मोजतो ते पाहू. थोरियम-२३२ आल्फा कण सोडतो आणि त्यांची ऊर्जा सुमारे ४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हे कण काच ओलांडू शकत नाहीत, किंबहुना क्षाराच्या स्वतःच्या पातळ थरातच अडकतात. एक ग्रॅम थोरियमात सेकंदाला सुमारे ४,०६० अणू फुटतात, पण त्यांतला एकही आल्फा कण आपल्या उपकरणापर्यंत पोहोचत नाही. जी टकटक ऐकू येते ती त्याच्या वंशजांची असते: ॲक्टिनियम-२२८, शिसे-२१२, बिस्मथ-२१२ आणि विशेषतः थॅलियम-२०८, ज्याचा २.६१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा किरण निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत भेदक गॅमा किरणांपैकी आहे. थोरियमची सर्व संतती क्षणात काढून टाकता आली असती, तर काचेबाहेर ठेवलेल्या काउंटरला ती बाटली जवळजवळ रिकामीच वाटली असती.

आता वंशावळ पाहू. थोरियम-२३२ पासून रेडियम-२२८ होते आणि त्याचे अर्धायुष्य ५.७५ वर्षे आहे. त्यापासून ॲक्टिनियम-२२८ होते, ज्याचे अर्धायुष्य सहा तासांहून किंचित अधिक आहे, आणि त्यापासून थोरियम-२२८ होते, ज्याचे अर्धायुष्य १.९ वर्षे आहे. पुढे रेडियम-२२४ येते, ते ३.६६ दिवसांत निम्मे होते. मग रेडॉन-२२० हा ५६ सेकंदांचा वायू येतो, आणि पोलोनियम, शिसे, बिस्मथ व थॅलियम यांच्या वाटेने ही साखळी स्थिर शिसे-२०८ वर संपते.

खनिजात हे सारे कोट्यवधी वर्षे एकत्र राहिल्यामुळे समतोलात असतात, म्हणजे प्रत्येक पिढीचे जेवढे अणू घडतात तेवढेच फुटतात. कारखान्यात खनिजातून थोरियम नायट्रेट वेगळे काढले जाते तेव्हा रासायनिक प्रक्रिया फक्त मूलद्रव्य ओळखते, समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) ओळखत नाही. त्यामुळे रेडियम, ॲक्टिनियम, शिसे हे सर्व बाहेर जातात, पण थोरियम-२२८ हे थोरियमच असल्यामुळे थोरियम-२३२ च्या बरोबरीने बाटलीत येते. त्याला वेगळे काढू शकेल अशी कोणतीही साधी रासायनिक युक्ती नाही.

येथून तीन टप्पे सुरू होतात. पहिला टप्पा तीन-चार आठवड्यांचा आहे. थोरियम-२२८ पासून रेडियम-२२४ आणि त्याची पुढची संतती पुन्हा जमते आणि बाटलीची नोंद भराभर वाढते. दुसरा टप्पा वर्षांचा आहे. थोरियम-२२८ ला भर घालणारे रेडियम-२२८ काढून टाकलेले असते आणि ते नव्याने साठायला वेळ लागतो. तोपर्यंत थोरियम-२२८ स्वतःच्या गतीने घटत राहते, म्हणजे उत्पन्न थांबले असताना खर्च चालूच राहावा तसे. गणित केले तर शुद्धीकरणानंतर सुमारे साडेचार वर्षांनी थोरियम-२२८ ची क्रियाशीलता, म्हणजे सेकंदाला फुटणाऱ्या अणूंची संख्या, समतोलाच्या ४२ टक्क्यांवर येते आणि तो तिचा तळ असतो. तिसरा टप्पा दशकांचा आहे. रेडियम-२२८ हळूहळू भरत जाते आणि थोरियम-२२८ त्याच्या मागोमाग चढते. वीस वर्षांनी ते सुमारे ८७ टक्क्यांवर आणि तीस वर्षांनी ९६ टक्क्यांवर पोहोचते, आणि पुढे व्यवहारात समतोलच असतो.

आपली नवी बाटली नेमकी तळाशी आहे आणि जुनी समतोलाशी आहे. शंभराला ४२ ने भागले तर २.४ येतात. आपली नोंद याच आकड्याच्या जवळपास असणार.

चौकस

उत्तर पटले आणि नोंदीशी जुळलेही: आमचे गुणोत्तर २.३ आणि २.४ यांच्या दरम्यान येते. एक शंका मात्र राहते. थोरियम-२२८ रासायनिकदृष्ट्या वेगळे काढता येत नाही, हे समस्थानिकांची कल्पना माहीत असल्यामुळे आज आपण सहज म्हणतो. ती कल्पना नव्हती तेव्हा अशा बाटल्यांचे कोडे कोणाला पडले नव्हते का?

मागोवा

पडले होते, आणि समस्थानिकांच्या कल्पनेकडे नेणाऱ्या वाटांपैकी ही एक मोठी वाट आहे.

थोरियम किरणोत्सारी असल्याचे १८९८ मध्ये जर्मनीत गेरहार्ट श्मिट आणि पॅरिसमध्ये मारी क्युरी यांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्याच वर्षी रदरफोर्ड माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आले आणि त्यांनी अभ्यासाला थोरियम घेतले. ओवेन्स या सहकाऱ्याला थोरियमच्या संयुगांची क्रियाशीलता खोलीतल्या वाऱ्याच्या झुळकीनेही बदलताना दिसली. त्याचा शोध घेताना रदरफोर्ड यांना थोरियमातून निघणारा किरणोत्सारी वायू सापडला, तो वर आलेला रेडॉन-२२०.

यानंतर फ्रेडरिक सॉडी हे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला आले आणि १९०१-०२ मध्ये या दोघांनी थोरियम नायट्रेटच्याच द्रावणावर तो प्रसिद्ध प्रयोग केला. द्रावणात अमोनिया घालून थोरियमचा हायड्रॉक्साइड साक्याच्या रूपात काढला, गाळलेले द्रावण आटवले आणि उरलेले अमोनियमचे क्षार तापवून उडवून दिले. खाली राहिलेल्या नगण्य अवशेषात वजनाच्या मानाने प्रचंड क्रियाशीलता होती आणि साक्यातल्या थोरियमची मात्र बरीच कमी झाली होती. अवशेषातल्या या द्रव्याला त्यांनी थोरियम-एक्स म्हटले. नाताळच्या सुटीनंतर पुन्हा पाहिले तेव्हा थोरियम-एक्स जवळजवळ निष्क्रिय झाले होते आणि थोरियमने आपली क्रियाशीलता परत मिळवली होती. पुढे रोजच्या मोजणीत एकाचा ऱ्हास आणि दुसऱ्याची भर हे दोन्ही सुमारे चार दिवसांच्या एकाच अर्धायुष्याने चालतात असे दिसले. एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलते, हा निष्कर्ष यातून निघाला. थोरियम-एक्स म्हणजे आजचे रेडियम-२२४. अर्धायुषी यांनी सांगितलेला पहिला टप्पा म्हणजे हीच भर होय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याचा शोध ओटो हान यांच्या नावावर आहे. १९०५ मध्ये लंडनमध्ये रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांना रेडिओथोरियम, म्हणजे थोरियम-२२८, सापडले. त्याच सुमारास अमेरिकेत बोल्टवुड यांच्या लक्षात आले की कारखान्यातून आलेल्या थोरियमच्या क्षारांची क्रियाशीलता तेवढेच थोरियम असलेल्या खनिजाच्या मानाने निम्मीच भरते. मग कारखान्यात शुद्धीकरण करताना रेडिओथोरियम निघून जाते असे मानावे, तर प्रयोगशाळेत कितीही खटपट केली तरी ते थोरियमपासून सुटत नव्हते. हान यांनी बर्लिनच्या क्नॉफ्लर कंपनीकडून वेगवेगळ्या वर्षी तयार झालेले थोरियमचे क्षार मिळवले आणि त्यांची तुलना केली. क्रियाशीलता आधी काही वर्षे उतरते आणि नंतर पुन्हा चढते, हे त्यांना त्या ओळीत मांडलेल्या नमुन्यांवरून दिसले. याचा अर्थ थोरियम आणि रेडिओथोरियम यांच्या मध्ये एक दीर्घायुषी, पण रासायनिकदृष्ट्या वेगळा पूर्वज असला पाहिजे. त्यांनी १९०७ मध्ये त्याला मेसोथोरियम हे नाव दिले आणि तेच आपले रेडियम-२२८. चौकस यांच्या साठ्यातल्या दोन बाटल्या म्हणजे हान यांच्या त्या नमुन्यांची छोटी आवृत्ती आहे, हे मला फार गमतीचे वाटते.

त्याच वर्षी शिकागोत मॅकॉय आणि रॉस यांनी, रेडिओथोरियम थोरियमपासून रासायनिक प्रक्रियांनी वेगळे करता येत नाही, असे स्पष्ट लिहिले. अशी न सुटणारी जोडपी वाढत गेली आणि १९१३ मध्ये सॉडी यांनी समस्थानिकांची संकल्पना मांडली.

सह्यवेडी

कारखान्यांमध्ये एवढे थोरियम नायट्रेट बनत कशासाठी होते, असा प्रश्न अनेकांना पडेल. त्याचे उत्तर गॅसबत्तीत आहे. वरातीत डोक्यावरून नेल्या जाणाऱ्या आणि तमाशाच्या फडात टांगलेल्या बत्त्यांचा पांढराशुभ्र उजेड याच क्षारातून येत असे. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे मिश्रण पक्के केले. बत्तीची सुती किंवा रेयॉनची जाळी, म्हणजेच मँटल, दोन्ही नायट्रेटांच्या द्रावणात भिजवून वाळवली जाते. बत्तीला बांधून पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाते, नायट्रेटचे विघटन होते आणि जाळीच्याच आकाराचा ऑक्साइडचा ठिसूळ सांगाडा मागे राहतो. मँटलला बोट लागले की ते का ढासळते, हे यावरून कळते.

याचा कच्चा माल मोनाझाइट ही वाळू. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर ती असल्याचे १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, तेही तिकडून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून. स्वातंत्र्यानंतर मोनाझाइट देशाबाहेर जाऊ न देण्याचे धोरण आले. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, मोनाझाइटवरची प्रक्रिया केरळात अलुवा येथे सुरू झाली आणि त्यातून निघालेल्या थोरियमचे नायट्रेट करण्याचा कारखाना १९५५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बे येथे उभा राहिला. आपल्याकडच्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो, पण ती मुख्यतः इल्मेनाइटची, म्हणजे टायटॅनियमची वाळू आहे आणि तिच्यात मोनाझाइट नावापुरतेच असते.

निवांत

मँटलमध्ये एवढे तापमान आणि एवढा उजेड का येतो? आणि नायट्रेटच का वापरतात? क्लोराइडही पाण्यात विरघळतेच की.

रसायनी

उजेडाचे श्रेय दोन्ही ऑक्साइडांना आहे. थोरियम ऑक्साइड सुमारे ३,३०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि अवरक्त उष्णता फारच कमी बाहेर टाकते, म्हणून ज्योतीत ते खूप तापते. पण ते एकटे असले तर उजेड फिकाच पडतो. त्यातले एक टक्का सेरियम दृश्य प्रकाश उत्सर्जित करते. सेरियम वाढवले तर उष्णतेची गळती वाढून मँटल थंडावते, त्यामुळे प्रमाण एक टक्क्याच्या आसपासच जमते.

नायट्रेटची निवड विघटनामुळे होते. थोरियम नायट्रेट तापवले तर त्यातले सर्व पाणी जाण्याआधीच नायट्रेट गट फुटू लागतात, तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, मधल्या अवस्थेत ऑक्साइड-नायट्रेट तयार होते आणि ५०० अंशांच्या आतच शुद्ध ऑक्साइड उरतो. म्हणूनच निर्जल थोरियम नायट्रेट साध्या तापवण्याने मिळत नाही आणि त्यासाठी डायनायट्रोजन पेंटॉक्साइडची मदत घ्यावी लागते. शिवाय नायट्रेट स्वतः ऑक्सिडीकारक असल्यामुळे कापड स्वच्छ जळायला हातभार लावते. साठवणीच्या कपाटात हा क्षार कागद, लाकडी भुसा किंवा कार्बनी द्रव्ये यांच्याजवळ ठेवू नये, त्याचे कारणही हेच आहे.

उलटा प्रवास मात्र अवघड आहे. तापवून घट्ट झालेले थोरियम ऑक्साइड नुसत्या संहत नायट्रिक आम्लात जवळजवळ विरघळत नाही. त्यात अत्यल्प हायड्रोफ्लुओरिक आम्ल घालावे लागते, आणि ते आम्ल पोलादी भांडे खाऊ नये म्हणून सोबत ॲल्युमिनियम नायट्रेटही घालतात. अणुभट्टीत वापरलेले थोरियमचे इंधन पुन्हा नायट्रेटच्या द्रावणात आणण्यातली पहिली अडचण ही आहे. शेवटी थोरियमच इंधन म्हणून वापरू पाहणाऱ्या, तीन टप्प्यांच्या आपल्या अणुकार्यक्रमावर उत्साहाने लिहिताना या किचकट रसायनाचा विसर पडतो, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण निष्कर्षणातली आहे. थोरियम नायट्रेट शुद्ध करताना ट्रायब्युटिल फॉस्फेट केरोसीनसारख्या द्रवात मिसळून वापरतात. थोरियम नायट्रेट त्याच्याशी जोडले जाऊन पाण्यातून तेलकट थरात जाते आणि विरळ-मृदा धातू पाण्यातच राहतात. युरेनिल नायट्रेटच्या बाबतीत हे सुरळीत चालते. थोरियमचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, तर मात्र तेलकट थरच फुटून दोन थर होतात. खाली जड, थोरियमने भरलेला थर बसतो आणि त्याच्या वर हलक्या केरोसीनचा. पाण्याचा धरून हे तीन थर होतात, म्हणून कारखान्यातल्या भाषेत याला तिसरा थर म्हणतात आणि यंत्रसामग्रीत तो झाला की सगळे गणित बिघडते. तो टाळायचा तर द्रावण विरल ठेवावे लागते, म्हणजे यंत्रे मोठी लागतात.

निवांत

धन्यवाद. आता मिळणारी मँटलही किरणोत्सारी असतात का?

सह्यवेडी

अनेक उत्पादकांनी १९९० च्या दशकापासून थोरियमऐवजी इट्रियम वापरायला सुरुवात केली, पण थोरियमची मँटलही बाजारातून पूर्णपणे गेलेली नाहीत. थोरियमचे नवे मँटल पहिल्यांदा जाळताना त्यातील रेडियम आणि शिसे यांचा काही भाग धुराबरोबर उडतो, म्हणून ते मोकळ्या हवेत पेटवावे आणि फुटलेल्या मँटलची राख फुंकून झटकू नये.

नियमावली

चौकस, एक व्यावहारिक गोष्ट. थोरियम अणुऊर्जेविषयीच्या कायद्याखाली विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचा, पदार्थ आहे. जुना साठा मोरीत ओतणे, भंगारात देणे किंवा दुसऱ्या संस्थेला परस्पर पाठवणे योग्य नाही. आपल्या संस्थेमार्फत अणुऊर्जा नियामक परिषदेला लेखी कळवून मार्गदर्शन घ्यावे. बाहेरून होणारा किरणोत्सार अशा छोट्या बाटलीचा फार नसतो. खरी काळजी क्षाराची धूळ श्वासावाटे आत जाण्याची आहे, कारण आत गेलेले थोरियम हाडांत आणि यकृतात वर्षानुवर्षे राहते. १९३० च्या दशकापासून क्ष-किरण चित्रणासाठी रुग्णांना थोरियम ऑक्साइडचे कलिल (द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) टोचले जात असे आणि त्यांच्यापैकी अनेकांना दशकांनंतर यकृताचा कर्करोग झाला. बुचाभोवती पापुद्रा जमला असेल तर बाटली उघडू नये. ती बंद असली तरी आत वायू साचतो, म्हणून कपाटाला हवा खेळती असावी.

चौकस

सर्वांचे आभार. संस्थेमार्फत पत्र पाठवत आहे. शेवटचा प्रश्न असा: नोंदीवरून बाटलीच्या शुद्धीकरणाचे वर्ष काढता येईल का? आलेख आधी उतरतो आणि मग चढतो, म्हणजे एकाच आकड्याला दोन वये लागू होतील.

अर्धायुषी

नुसत्या गायगर काउंटरने काढता येणार नाही. उदाहरणार्थ, थोरियम-२२८ ची क्रियाशीलता समतोलाच्या सुमारे ५९ टक्के आहे असे मिळाले, तर शुद्धीकरण होऊन पावणेदोन वर्षे झाली असतील किंवा दहा. गॅमा किरणांचा वर्णपट घेणारे उपकरण मिळाले तर मात्र दोन्ही वये वेगळी पडतात. त्यात ॲक्टिनियम-२२८ ची ९११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टची रेषा रेडियम-२२८ ची पातळी सांगते आणि थॅलियम-२०८ ची २.६१ दशलक्षांची रेषा थोरियम-२२८ ची पातळी सांगते. उतरणीवर रेडियम-२२८ मागे असते. पावणेदोन वर्षांच्या क्षारात ते थोरियम-२२८ च्या एक तृतीयांशाहूनही कमी भरते. तळाला दोन्ही सारखे होतात आणि चढणीवर रेडियम-२२८ पुढे जाते. दहा वर्षांच्या क्षारात ते थोरियम-२२८ च्या सुमारे १.१८ पट असते. हे गुणोत्तर आठव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक, १.२ च्या थोडे वर असते आणि नंतर हळूहळू एकाकडे उतरते. त्यामुळे आपल्या जुन्या बाटलीचे वय चाळीस की साठ, हे या मार्गाने ठरणार नाही. नव्या बाटलीचे मात्र काही महिन्यांच्या अचूकतेने ठरू शकेल, कारण तळाजवळ हे गुणोत्तर वेगाने बदलत असते. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेतलात तर आकडे येथे अवश्य द्यावेत.